खत घातलं आणि पीक पिवळं पडलं

मी सोलापुरात माती तपासणीच्या लॅबमध्ये काम करतो, त्यामुळं "पीक पिवळं पडलंय, काय फवारू" हे रोजचंच, पण त्या दिवशी मोहोळकडचे एक मालक आले ते भलतेच तापून. म्हणे कंपोस्ट घातल्यामुळंच वांगी पिवळी पडली. अर्ध्या प्लॉटला घरचं जुनं खत, ते पुरलं नाही म्हणून उरलेल्या अर्ध्याला विकतची ट्रॉली, आणि पिवळा पडला तो नेमका विकतचा भाग. सोबत पोरगा होता, त्याचं ठरलेलंच, लोह कमी असणार, चिलेटेड फेरस, म्हणजे फवारायचं लोह, मारू.

आपल्याकडं लोहाची शंका पहिली येते आणि ते बरोबरच आहे, चुनखडीची माती, पीएच ८ च्या वर, असल्या मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. पण लोह कमी पडलं तर शेंड्याची कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. शेतात जाऊन बघतो तर सगळं उलटं, खालची जुनी पानं शिरांसकट फिकट आणि शेंडा हिरवा. म्हणजे नत्राची उपासमार, झाड जुन्या पानातलं नत्र काढून शेंड्याला पुरवत होतं.

"आवो, एवढं खत घातलंय की, मग नत्र कमी कसं पडंल?"

मुळाजवळ खुरप्यानं उकरलं तर उसाच्या पाचटाचे तुकडे सरळ ओळखू येत होते, वर पांढरी बुरशी. उरलेला ढीग बांधावर होता, मालकांनी त्यात कोपरापर्यंत हात घालून दाखवला, बघा गार आहे, कुजून गार झालंय. सगळा घोळ इथंच होता. कुजायला साधारण ५०-६० टक्के ओल लागते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघड्यावरचा ढीग वाळून खडखडीत होतो, मग जिवाणूंचं काम थांबतं, ढीग गार पडतो, चाळून घेतला की काळाभोर भुसभुशीत दिसतो आणि "तयार खत" म्हणून विकला जातो. शेतात ठिबक सुरू केलं की अर्धवट राहिलेलं कुजणं परत चालू, ते पण मुळाशी. पाचटात नत्राच्या ८०-१०० पट कार्बन असतो, चांगल्या कंपोस्टात तो २० पटीच्या आत यायला पाहिजे, तेवढा कार्बन पचवायला जिवाणू मातीतलं नत्र उचलतात आणि झाड बघत बसतं.

मालकांना काय पटेना. म्हटलं ढिगाचा एक कोपरा ओला करा, पोत्यानं झाका आणि मला कळवा. नंतर पोराचाच फोन आला, "सायेब, हात ठिऊ देईना, चुलीगत तापलाय."

घरच्या खताच्या भागात माती रवाळ होती, गांडुळं होती, कळशीभर पाणी ओतलं तर बघता बघता जिरलं, आणि बांधाकडच्या खत न घातलेल्या पट्ट्यात तेवढंच पाणी डबकं करून बसलं. मला विचाराल तर कंपोस्टचे पैसे इथं वसूल होतात. नुसता नत्राचा हिशोब धरला तर १ टक्का नत्राच्या एक टन खतात १० किलो नत्र, त्यातलं पहिल्या वर्षी झाडाला मिळणार फार तर पाव हिस्सा. ४५ किलोच्या युरियाच्या एका गोणीत २० किलोच्या वर नत्र असतं. तेव्हा कंपोस्ट घातलं म्हणून पहिल्याच वर्षी रासायनिक खत बंद, असलं कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

त्यांना ठिबकमधून अमोनियम सल्फेट, म्हणजे नत्राचं खत, थोडं थोडं द्यायला सांगितलं, आणि उरलेल्या ढिगात शेण कालवून, ओला ठेवून अधूनमधून पालथा करायला. झाडं सुधारली, पण पहिले तोडे मागं पडले ते पडलेच, त्याचा भाव काय परत मिळत नाही. आता मालक ट्रॉली घ्यायच्या आधी घमेलंभर खत आणतात, भिजवून पिशवीत गच्च बांधून ठेवतात, काही दिवसांनी उघडल्यावर आंबूस वास आला तर खत अजून कच्चं, सौदा रद्द. ट्रॉलीवाला वैतागलाय म्हणे.