फुग्याखालचा बाण

दुरुस्तीसाठी माझ्या टेबलावर दोन गठ्ठे होते. एकात मुलांच्या ब्रिटिश साप्ताहिकाची सत्तरच्या दशकातली मूळ चित्रपानं, दुसऱ्यात एका चित्रपटाचे स्टोरीबोर्ड, म्हणजे शूटिंगआधी काढलेली दृश्यांची चित्रं. संग्रहाला ते देणाऱ्याच्या मते दोन्ही एकाच चित्रकाराची. सही कशावरच नव्हती.

तिकडे चित्रकथेतून सिनेमाकडे असा प्रवास नवलाचा नाही. मार्टिन अ‍ॅस्बरी यांनी ‘लुक-इन’ या मुलांच्या साप्ताहिकात टीव्ही मालिकांवरच्या चित्रकथा काढल्या, 1976मध्ये आधीचे चित्रकार फ्रँक बेलामी वारल्यावर ‘डेली मिरर’ या दैनिकातली ‘गार्थ’ ही चित्रमालिका हाती घेऊन 1997पर्यंत चालवली, बाँडपटांचे स्टोरीबोर्डही केले. त्यांचं नाव राहिलं. पण मुलांच्या साप्ताहिकांचे कित्येक प्रकाशक चित्रकाराचं नाव छापत नसत आणि मूळ पानंही स्वतःकडेच ठेवत. मी याला लूटच म्हणेन.

पानं छपाईच्या दीडपट आकाराची, म्हणजे 67 टक्क्यांवर आणून छापलेली. कच्चं रेखाटन फिकट निळ्या पेन्सिलीत, कारण छपाईसाठी पानाचा फोटो घेणाऱ्या लिथो फिल्मला तो निळा दिसत नाही. खोडायची गरज नसते. संवाद वेगळ्या कागदावर टाईप करून, फुगे कापून, सायकलच्या पंक्चरला लावतात तसल्या रबर सोल्युशननं चिकटवलेले. हे सोल्युशन काही वर्षांत तपकिरी होतं, डाग कागदात मुरतो आणि फुगा गळतो. चिकट असेपर्यंत क्रेप रबरानं, म्हणजे गोंद काढायच्या खोडरबरानं, गोळा होऊन निघतं. करकरीत झालं की स्कॅल्पेलनं कणाकणानं खरवडावं लागतं. द्रावक मी शक्यतो टाळते, फेल्ट पेनचा रंग क्षणात पसरतो.

स्टोरीबोर्डांची अवस्था त्याहून वाईट. शूटिंगला त्यांच्या प्रती कॅमेरा, स्टंट, इफेक्ट्स सगळ्यांकडे जातात, दृश्य बदललं की कचऱ्यात. उरल्या त्या झेरॉक्स कुणीतरी पीव्हीसीच्या पिशव्यांत भरल्या होत्या. झेरॉक्सची शाई, म्हणजे टोनर, पीव्हीसीला चिकटतो. घाईनं ओढलं तर चित्र पिशवीवर राहतं आणि हातात कोरा कागद येतो. पॉलिस्टरच्या पिशव्या थोड्याच महाग असतात, तरी हे सगळीकडे चालूच आहे.

एका पानावरचा फुगा आधीच सुटला होता. खाली निळ्या पेन्सिलीचा बाण: खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघून चौकट ओलांडून पुढच्या चित्रात शिरणारा, शेपटीला दोन फाटे. वाचकाची नजर कुठून कुठे न्यायची, याची चित्रकारानं स्वतःसाठी केलेली खूण असावी. स्टोरीबोर्डमध्ये चौकटीबाहेरचा बाण कॅमेऱ्याची हालचाल दाखवतो, आतला पात्राची. तिथल्या सगळ्या बाणांच्या शेपट्यांना तसेच दोन फाटे होते.

संग्रहाच्या नोंदी करणाऱ्या सूचीकाराला सही हवी. बाण तर सगळेच काढतात, असं त्यांचं म्हणणं. बाण सगळे काढतात हे खरं, पण शेपूट जो तो आपापल्या सवयीनं काढतो. आठवड्याला ठरलेली पानं देणाऱ्या हाताची सवय मला सहीइतकीच विश्वासाची वाटते.

फुगा मी पूर्ण चिकटवला नाही. वरच्या कडेला जपानी कागदाची पट्टी गव्हाच्या स्टार्चच्या खळीनं लावली, म्हणजे तो झाकणासारखा उचलता येतो. नोंदीत ‘चित्रकार अनिश्चित’ राहिलं, दोन्ही गठ्ठ्यांचे क्रमांक मात्र एकमेकांना जोडून घेतले.

बाकीचे फुगे घट्ट आहेत. पानांचा पुठ्ठा जाड, त्यामुळे मागून प्रकाश टाकून काही दिसत नाही. इन्फ्रारेडमध्ये ती निळी पेन्सिल नाहीशीच होते. धड चिकटलेला फुगा केवळ शोधासाठी उचकटावा का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.