दरोडा, २८८ फूट

या महिन्यात नवी खरेदी शून्य. मागे एका एस्टेट सेलमधून (घरातलं सामान विकायला काढतात तिथून) उचललेले सिनेमाच्या रिळांचे दोन डबे मात्र अखेर उघडले.

पहिला उघडला तशी बायको वरून ओरडली, "लोणचं नासलं का रे?" लोणचं नाही, अ‍ॅसिटेट: जुन्या फिल्मचं प्लास्टिक, कुजलं की व्हिनेगरसारखं आंबट वासतं. साठच्या दशकातला रंगीत वेस्टर्न, १६ मिमी, १६०० फुटांचं एकच रीळ, म्हणजे सिनेमाचा मधलाच पाऊण तास. आकाश, घोडे, शेरीफ सगळे गुलाबी. ईस्टमन कंपनीच्या जुन्या रंगीत प्रिंटांचं नेहमीचं दुखणं: निळसर थर आधी उडतो, मागे उरतो हा गुलकंद. डब्यात ए-डी पट्टी (आम्ल किती सुटलंय ते रंगावरून दाखवणारा कागद) दिवसभर ठेवली, निळ्याची हिरवट झाली, शून्य ते तीनच्या मापात पातळी दीडच्या आसपास. इथून पुढे आम्लच आम्लाला वाढवत नेतं. रीळ बाकीच्यांपासून लांब नेऊन ठेवलंय. एकदा चालवेन, मग सोडून देईन.

दुसऱ्या डब्याने मात्र तीन रात्री खाल्ल्या. 'द ग्रेट ट्रेन रॉबरी', १९०३, दिग्दर्शक एडविन पोर्टर. १६ मिमी, मूक, वास अजिबात नाही. आम्ही एडिसन गावात राहतो. ज्यांच्या नावाचं हे गाव, त्यांच्याच कंपनीचा हा सिनेमा. आणि बाहेरची दृश्यं टिपली साउथ माउंटनच्या रानात नि लॅकावाना रेल्वेवर, इथून गाडीने पाऊण तासावर. म्हणजे आपला हा 'पश्चिम' न्यू जर्सीत, पार पूर्वेला! हे सांगितलं की पाहुणे हसतात, मी नाही हसत.

मूळ ३५ मिमीची लांबी ७४० फूट. ३५ मिमीवर फुटाला १६ चौकटी, १६ मिमीवर ४०, म्हणून हिशेबाने २९६ फूट व्हायला हवी. रिवाइंडरवर मोजली, लीडर (टोकाची कोरी पट्टी) वगळून २८८ भरली. आठ फूट गायब, सेकंदाला १८ चौकटींच्या वेगाने जवळजवळ १८ सेकंद. शोधता शोधता नाचाच्या प्रसंगात उडी सापडली: त्या नवख्याच्या पायाशी गोळ्या झाडून त्याला नाचवतात ना, तिथेच. पट्टी तिथे फाटली असणार आणि कुणीतरी फाटका तुकडा कापून टाकून जोड मारला. आपल्याकडे जत्रेतल्या तंबूत ऑपरेटर हेच करायचे, वर शिट्ट्या खायचे.

पण खरी गंमत सुरुवातीला. दरोडेखोर झालेला नट जस्टस बार्न्स थेट आपल्यावर पिस्तूल रोखून गोळी झाडतो तो शॉट माझ्या प्रिंटमध्ये सर्वांत आधी येतो. शेवटी असतो असं डोक्यात पक्कं, म्हणून वाटलं, उलटा गुंडाळलाय. तसं नव्हतं. भिंगाखाली सिमेंटचा (फिल्म चिकटवायच्या द्रवाचा) जोड दिसला, इतका सफाईदार की बोटाला लागत नाही. एडिसन कंपनीच्या कॅटलॉगातच लिहिलं होतं की हा शॉट आधी लावा किंवा शेवटी, दाखवणाऱ्याची मर्जी. आधीच्या कुणा मालकाने ती मर्जी वापरली.

पहिल्या रात्री स्प्लायसर (फिल्म कापायचं-जोडायचं यंत्र) काढून बसलो होतो, 'दुरुस्त' करायला. दुसऱ्या रात्री परत ठेवला. जोड तसाच राहणार. फक्त नवा लीडर लावला, काठची दोन फाटकी छिद्रं चिकटपट्टीने सांधली आणि प्रोजेक्टरचा वेग १८ वर आणला. २४ वर दरोडेखोर दरोडा टाकत नाहीत, लोकल पकडतात.

कुणाकडे नाचाचा प्रसंग अखंड असेल तर तेवढी फुटं मोजून कळवा. तुकडा विकत नकोय.