ज्युनियर टेनिस ते कोचिंग: एका रकान्यात अडकलेले चार महिने

आधी हे सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल: टेनिस कोचिंगच्या कोर्सला अर्ज करणार असाल तर चारित्र्य पडताळणीचा दाखला सगळ्यात शेवटी काढा. मी उत्साहाच्या भरात तोच पहिला काढला. बाकीची गाडी अडकली आणि दाखल्याची मुदत संपली. पुन्हा तीच रांग.

माझा खेळ सुटला तो कमरेमुळे. सर्व्हिस करताना पाठीची मागे कमान होते, रोज शेकडो वेळा, आणि एक दिवस मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर निघतं. वाढत्या वयातल्या टेनिसपटूंना हे दुखणं नवीन नाही. तेव्हा रडून झालंय, आता त्यावर लिहीत नाही.

बऱ्याच वर्षांनी कोचिंगच्या पहिल्या पातळीच्या कोर्ससाठी अर्ज केला. फॉर्मवर ‘माजी खेळाडू’ अशी चौकट होती. तिथे टिक केली की प्रवेशाची खेळ-चाचणी माफ. टिक केली. लगेच खाली नवा रकाना उघडला: ‘सध्याची क्रमवारी’.

माजी खेळाडूची सध्याची क्रमवारी!

आयटीएफची, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची, ज्युनियर क्रमवारी 13 ते 18 वयाच्या मुलामुलींची. ज्या वर्षी अठरा पूर्ण होतात ते वर्ष सरलं की तुमचं नाव यादीतून जातं. खेळत असतानासुद्धा गुण 52 आठवडेच टिकतात. मी सत्तावीस वर्षांची, कुठून आणू? रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकेना. ‘नाही’ लिहिलं तर फक्त आकडे चालतात म्हणे. शून्य टाकलं, आठवड्याने अर्ज परत, शेरा ‘अवैध’. जुना आकडा टाकला तर ‘पुरावा जोडा’.

फोन लावला.

“मॅडम, तिथे सध्याची क्रमवारी लिहायची असते.”

“अहो, मी आता खेळत नाही.”

“मग क्रमवारीचा पुरावा जोडा ना.”

टिक काढून वीस मिनिटांची चाचणी दिली असती तर विषय त्याच आठवड्यात संपला असता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ती टिक मी कमरेचं हाड मोडून मिळवली होती, काढणार नव्हते. तुम्ही असला हट्ट करू नका. चाचणी देऊन मोकळे व्हा.

आईने माझ्या स्पर्धांच्या ड्रॉचे, म्हणजे कोण कोणाशी खेळणार त्या तक्त्यांचे, कागद एका फाइलमध्ये जपून ठेवले होते. ते स्कॅन करून पाठवले. उत्तर आलं, ‘ग्रेड 5 नावाची स्पर्धा आमच्या यादीत नाही.’ नसणारच. 2023 पासून आयटीएफने ज्युनियर स्पर्धांच्या दर्जांची नावं बदलली. जुनी ग्रेड 5 म्हणजे आताची जे30, ग्रेड 4 म्हणजे जे60. तेवढं समजावणारं पत्र लिहिलं, शेजारी शेजारी जुनी-नवी नावं मांडली, जे30 खाली दोनदा रेघ ओढली. जुने खेळाडू असाल तर हे पत्र पहिल्याच अर्जाबरोबर जोडा. अशा ठिकाणी फोनवर बोललेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, जोडलेला कागद राहतो.

अर्ज मंजूर झाला. प्रथमोपचार, बालसुरक्षेचा ऑनलाइन भाग, लेखी परीक्षा सगळं सुरळीत पार पडलं.

कोर्टवर मात्र माझी फजिती झाली. लहान मुलांचा लाल बॉल नेहमीच्या बॉलपेक्षा 75 टक्के संथ असतो आणि त्यांचं कोर्ट जेमतेम अकरा-बारा मीटर लांब. मला 23.77 मीटरची सवय. माझी पहिली फीड, म्हणजे सरावासाठी टाकलेला बॉल, समोरच्या मुलीच्या डोक्यावरून थेट मागच्या जाळीत गेली. तिने वळून जाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. प्रशिक्षकांनी रॅकेट काढून घेतली, “हाताने टाका.” दोन दिवस मी खाली वाकून हातानेच बॉल टाकत होते. बॉल मुलांच्या कमरेच्या उंचीवर आला पाहिजे, एवढंच लक्ष्य. सर्व्हिस शिकतानाही एवढा घाम गाळला नव्हता.

फॉर्मवरचं नाव ओळखपत्रावर आहे अक्षरशः तसंच लिहा, हेही सांगायचं राहिलं होतं.

प्रमाणपत्र आलं तेव्हा पोर्टलवर माझी नोंद उघडून पाहिली. ‘माजी खेळाडू: होय. सध्याची क्रमवारी: 30.’

जे30 मधले तीस. दुरुस्तीचा अर्ज काही मी केला नाही.