लॉजवाल्याची मुलगी पॅरिसमध्ये

मंगळवार, रात्री साडेअकरा

पायांचे तुकडे पडलेत पण आज लिहिलं नाही तर उद्या विसरेन. ट्रेनिंग दुपारी तीनलाच संपलं, बाकीचे सगळे शॉपिंगला निघाले, मला म्हणाले चल, मी म्हटलं मला जरा तीन हॉटेलं बघायची आहेत. त्यांना वाटलं मी मुक्काम हलवतेय. समजावत बसले नाही.

म्हणजे त्याचं असं आहे की मी मिरजेच्या लॉजवाल्याची मुलगी. स्टेशनजवळ आमचं बारा खोल्यांचं लॉज होतं, आणि मिरजेत दवाखाने इतके की आमचं अर्धं गिऱ्हाईक म्हणजे पेशंटचे नातेवाईक, त्यातले बरेच कर्नाटकातले, दोन दिवस म्हणून यायचे आणि दोन महिने राहायचे. शाळेतनं आले की मी काउंटरवर बसूनच होमवर्क करायचे. त्यामुळे अमुक मोठा लेखक तमुक हॉटेलात राहायचा असं कुठेही वाचलं की माझा पहिला प्रश्न असतो, बिल कोण भरत होतं? पुस्तकं लिहिणारे लोक हे सांगतच नाहीत. खिडकीतून काय दिसायचं ते सांगतात.

तर पहिलं हॉटेल ऑस्कर वाइल्डचं, तो आयरिश नाटककार नि कवी. सेन नदीच्या डाव्या काठाला रू दे बोझार नावाची छोटीशी गल्ली आहे, तिथे १३ नंबर. तेव्हा नाव ओतेल दाल्झास, आता नुसतं ‘लोतेल’, आणि आता ते फाइव्ह स्टार आहे. बाहेरच्या काळ्या दाराशी उभी राहून मी मोबाईलवर एका रात्रीचा रेट बघितला आणि मोबाईल पर्समध्ये ठेवून दिला. भिंतीवर पाटी आहे, तिच्यावर त्याचा जन्म १५ ऑक्टोबर १८५६ असा कोरलाय. खरा जन्म १६ ऑक्टोबर १८५४ चा. दगडात चूक! पण गंमत म्हणजे तो स्वतःच लोकांना वय दोन वर्षांनी कमी सांगायचा, म्हणजे त्याच्या मनासारखंच झालं म्हणायचं. शेजारी बोर्हेसच्या नावाचीही पाटी आहे, तो अर्जेंटिनाचा लेखक १९७७ ते १९८४ मध्ये इथे येऊन राहायचा, लहानपणी वाइल्डच्या एका गोष्टीचा अनुवाद केलेला त्याने. ते गोड आहे पण माझा विषय वेगळा आहे.

माझा विषय आहे द्यूपुआरिए. हॉटेलचा मालक.

वाइल्ड इंग्लंडमधल्या तुरुंगातून १९ मे १८९७ ला सुटला, दोन वर्षांची सक्तमजुरी भोगून, आणि लगोलग फ्रान्सला आला तो परत गेलाच नाही. नावही बदललं, सेबॅस्टियन मेलमॉथ. १८९८ मध्ये पॅरिसला आला, आधी याच गल्लीतलं दुसरं एक हॉटेल, मग हे, मग आणखी कुठे कुठे, पैसे असतील तसे. १८९९ मध्ये ऑपेराच्या बाजूच्या एका हॉटेलने बिल थकलं म्हणून त्याला बाहेर काढलं आणि त्याचे कपडे ठेवून घेतले. हे त्याने द्यूपुआरिएला सांगितलं आणि हा माणूस काय करतो, तर त्या दुसऱ्या हॉटेलचं बिल स्वतः भरतो, कपडे सोडवून आणतो आणि याला खोली देतो.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने “अहो!” म्हणाले होते. कारण धंद्यातला माणूस असं करत नाही. आमच्या जिन्याखाली एक कपाट होतं, त्यात थकबाकीवाल्यांच्या वस्तू असायच्या. दोन सुटकेसी, एक मनगटी घड्याळ, एक टेपरेकॉर्डर, आणि कुणाचा तरी शिवलेला पण कधीच न घातलेला सफारी. बाबा वाईट होते असं नाही हां, पण लाइटबिल भरायला लागतं, धोब्याला दर शनिवारी द्यायला लागतात. आणि याच बाबांनी एकदा विजापूरकडच्या एका माणसाचे, म्हणजे त्याचे वडील दवाखान्यात वारले तेव्हा, सदतीस दिवसांचे पैसे सोडून दिले होते. वहीत ‘येणे’च्या रकान्यात आकडा होता, त्यावर निळ्या पेनाने एक आडवी रेघ मारली आणि पान उलटलं. त्याला वर एसटीला पैसे दिले. आई तीन दिवस बोलत नव्हती.

तर वाइल्ड. १० ऑक्टोबर १९०० ला त्याच्या कानाचं ऑपरेशन झालं, तेही हॉटेलच्याच खोलीत. लॉजच्या खोलीत ऑपरेशन! बाबा हार्टफेलने गेले असते. द्यूपुआरिए त्या ऑपरेशनला हजर होता, रोज सकाळी स्वतः त्याचं बघायचा, आणि डॉक्टरने किंवा वाइल्डने जे जे मागवलं ते स्वतःच्या खिशातनं आणत गेला. हे सगळं रॉबर्ट रॉस या वाइल्डच्या मित्राने नंतर पत्रात लिहून ठेवलंय. त्याच पत्रात आहे की मालकाचे १९० पौंडांहून जास्त थकले होते आणि वाइल्ड मरेपर्यंत त्याने रॉसकडे त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, नंतरही रॉसनेच विषय काढला म्हणून बोलला.

३० नोव्हेंबर १९०० ला वाइल्ड गेला, सेहेचाळीस वर्षांचा. वॉलपेपर आणि माझं द्वंद्व चाललंय, दोघांपैकी एकाला जावं लागणार, हा त्याचा डायलॉग सगळ्यांना पाठ असतो (आणि तो शेवटचे शब्द म्हणून सांगतात, तसं नाहीये, काही आठवडे आधीचं बोलणं आहे ते). पण अंत्ययात्रेतली जी गोष्ट मला कधी विसरता येत नाही ती कोणी सांगत नाही. सहाव्या दर्जाचा अंत्यविधी होता, म्हणजे अगदी स्वस्तातला. फुलांची चक्रं आली होती, आणि त्यात हॉटेलमालकाने एक मण्यांचं चक्र आणलेलं, त्यावर लिहिलं होतं, ‘माझ्या भाडेकरूस’. आणि तसलंच आणखी एक हॉटेलच्या नोकरमंडळींकडून.

माझ्या भाडेकरूस. कवीस नाही, नाटककारास नाही. मी आज तिथे गल्लीत उभी राहून ते मराठीत दोनतीनदा म्हणून बघितलं, समोरच्या आर्ट गॅलरीतला माणूस काचेतून बघायला लागला तेव्हा निघाले.

तिथून रू द्यु बाक चालत दहा-बारा मिनिटं. इथल्या एका हॉटेलात जेम्स बॉल्डविन हा लेखक राहायचा, अमेरिकेतनं नोव्हेंबर १९४८ मध्ये खिशात चाळीसेक डॉलर घेऊन आलेला, चोवीस वर्षांचा, न्यूयॉर्कमध्ये काळा माणूस म्हणून जे वाट्याला येत होतं त्यात आपण जगणार नाही असं वाटून निघालेला. हॉटेल कसलं, कळकट. त्याने स्वतः तसंच लिहिलंय. चादरी बदलायचेच नाहीत. तर डिसेंबर १९४९ मध्ये ओळखीचा एक अमेरिकन दुसऱ्या हॉटेलातनं याच्याकडे राहायला आला, येताना तिथली चादर उचलून घेऊन आला, आणि बॉल्डविनने आपली मळकी चादर काढून बाहेर टाकली नि ती स्वच्छ चादर अंथरली. पोलीस आले, चादर बघितली, तिच्यावर लालभडक अक्षरात त्या हॉटेलचं नाव. चोरीचा माल बाळगला म्हणून दोघं आत. ख्रिसमस तुरुंगात, आठ दिवस. कोर्टात केस उभी राहिली तेव्हा चादरीची गोष्ट ऐकून लोक हसले आणि हा सुटला, पण ते हसू त्याला फार लागलं, त्यावर त्याने पुढे लेख लिहिला.

वाचताना मला आधी लाल अक्षरं दिसली. आमच्या प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात आई लाल दोऱ्याने लॉजच्या नावाचं पहिलं अक्षर आणि खोलीचा नंबर घालायची, धोब्याकडे अदलाबदल होऊ नये म्हणून, आणि गिऱ्हाईकाने नेऊ नये म्हणूनही. न्यायचेच. गेल्या चादरींची वेगळी यादी असायची. पण त्यापायी पोलिसात गेलेले बाबा मला आठवत नाहीत, पोलिसात गेलं की आधी आपलंच रजिस्टर तपासतात ना. इथे मात्र माझं मन दुभंगतं, कारण चादर गेल्यावर त्या मालकाला काय वाटलं असेल हेही मला कळतं, आणि एका चादरीसाठी परक्या देशात आठ दिवस कोठडीत बसणं काय असेल तेही.

तिसरं हॉटेल नाहीच आहे. रू द तूर्नोंच्या टोकाला, सिनेटसमोर, ओतेल फोयो होतं. योझेफ रोट, ऑस्ट्रियाचा लेखक, ज्यू, हिटलर ज्या दिवशी चॅन्सेलर झाला त्याच दिवशी बर्लिन सोडून निघालेला. प्रवास सोडले तर सोळा वर्षं आपण त्या हॉटेलात राहिलो असं तो लिहितो. १९३७ मध्ये ते पाडायला घेतलं, हा गडी शेवटपर्यंत तिथेच, मग समोरच्या कॅफेच्या वर खोली घेतली आणि खाली टेबलाशी बसून दिवसभर पीत, लिहीत, त्या मोकळ्या जागेकडे बघत बसायचा. मे १९३९ मध्ये वारला. शेवटची गोष्ट त्याने लिहिली ती पुलाखाली राहणाऱ्या एका दारुड्याची, त्याला कोणीतरी दोनशे फ्रँक देतं आणि तो ते फेडायला निघतो नि दर वेळी वाटेत अडकतो. उधारीवर इतकं प्रेमाने कोणी लिहिलेलं मी वाचलं नाही.

आता त्या जागी लहानशी बाग आहे. मी बाकावर बसून बॅगेतली चकली खाल्ली. आमचंही लॉज आता नाही, तिथे मेडिकल आहे आणि वर लॅब. बस्स, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

तिथूनच बाबांना फोन लावला, तिकडे रात्रीचे अकरा वाजलेले, पण जागेच असतात. वाइल्डची सगळी हकीकत सांगितली. शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “अॅडव्हान्स घेतला नव्हता का?”

म्हटलं, “बाबा, तो मोठा लेखक होता.”

“असू दे की. लांब मुक्कामवाल्याचा दर आठवड्याला हिशेब करायचा, साठू द्यायचं नाही. साठलं की त्याला पण तोंड दाखवता येत नाही आणि आपल्याला पण मागता येत नाही.” जरा थांबले. “ऑपरेशन खोलीत करू दिलं?”

“हो.”

“मग कसलं मागतोय तो.”

मण्यांच्या चक्राचं सांगितलं. काय लिहिलं होतं तेही. पलीकडून बराच वेळ काही नाही, मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, “ते चक्र त्याने बिलात नाही ना लावलं?”