बाबांची ऑटोमॅटिक मर्सिडीज गिअरची केली, त्याची हकीकत

बाबांची गाडी म्हणजे १९८३ ची मर्सिडीज २३० सीई. डब्ल्यू १२३ घराण्यातली दोन दारांची कूपे. चारही काचा खाली केल्या की मधे खांबच उरत नाही, खिडकी पुढून मागपर्यंत सलग मोकळी. लहानपणी मी मागच्या सीटवरून तिथे हात बाहेर काढायचे आणि आई ओरडायची. २२९९ सीसीचं, १३६ हॉर्सपॉवरचं इंजिन आजही ठणठणीत आहे. मान टाकली ती ऑटोमॅटिक गिअरबॉक्सने.

आधी दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना इंजिन नुसतंच ओरडायचं. मग एका संध्याकाळी ठाण्यात माजिवड्याच्या पुलावर चढताना तिसरा पडलाच नाही. घरी येऊन डिपस्टिक (तेल तपासायची पट्टी) काढली, तेल काळं झालेलं आणि जळका वास. दुरुस्ती होण्यासारखी होती, पण बाबांच्या मनात दुसरंच होतं. हा चार गिअरचा ऑटोमॅटिक एरवी दुसऱ्या गिअरमध्येच निघतो, पहिला हवा असेल तर पाय पार खाली दाबावा लागतो. कसाऱ्याच्या घाटात त्यांचा प्रत्येक वेळी जीव खालीवर व्हायचा. "ही गाडी गिअरची असती तर," हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले. आणि गिअरची २३० सीई कंपनीच बनवत होती, म्हणजे आपण काही भलतंसलतं जोडणार नव्हतो.

वागळे इस्टेटमधले आमचे मिस्त्री या गाडीला वीस वर्षं ओळखतात. ते म्हणाले, "ताई, करू. पण गिअरबॉक्स मिळाला म्हणजे काम झालं असं समजू नका." मी तेच समजले होते. कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून उत्साहाने एक बॉक्स उचलून आणला. डब्ल्यू १२३ चाच होता, विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. इंजिनला लावून बघितला तर बेल हाउसिंगची, म्हणजे इंजिनला जोडणाऱ्या तोंडाची, भोकंच जुळेनात. तो २४० डी या डिझेल गाडीचा निघाला. त्या गाडीचं इंजिन आधीच्या पिढीचं, आमचं एम १०२ इंजिन नंतरचं, दोघांची तोंडं वेगळी. बॉडी एक म्हणून गिअरबॉक्स एक असं नसतं, हे त्या दिवशी कळलं. पैसे परत मिळाले नाहीत.

म्हणून हे काम काढणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच कळकळीचं सांगणं आहे: सुटे सुटे भाग जमवू नका, त्याच इंजिनाची गिअरची अख्खी गाडी शोधा. आम्हाला चार महिन्यांनी तुर्भ्याला २३० ई सेदान मिळाली. पत्रा खालून कुजलेला, आत कबुतरांनी घरटं केलेलं, पण चार गिअरचा मॅन्युअल बॉक्स जागेवर. तिच्यातून आम्ही गिअरबॉक्स, फ्लायव्हील (इंजिनमागची जड चकती), क्लचचं हाउसिंग, पेडलचा अख्खा सांगाडा, क्लचचे वरचे-खालचे दोन्ही सिलिंडर, त्यांचे पाइप, गिअर लिव्हर आणि त्याच्या दांड्या, मागचा क्रॉस मेंबर (गिअरबॉक्सला खालून धरणारी आडवी पट्टी), रिव्हर्स लाइटचा स्विच, इतकंच काय, बोल्टसुद्धा पिशव्यांत भरून आणले. प्रत्येक पिशवीवर मी स्केचपेनने नाव लिहिलं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि सिलिंडरची रबरं तेवढी नवीन घेतली.

एक गोष्ट मात्र सेदानची चालली नाही, प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा. सेदानचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २७९५ मिलिमीटर, कूपेचा २७१०. ८५ मिलिमीटरचा फरक. गाडी चाकांवर उभी ठेवून, गिअरबॉक्स जागेवर बसवून माप घेतलं आणि मगच शाफ्ट कापायला दिला. वागळेतच एका कारखान्यात तो जोडून, मशीनवर फिरवून बॅलन्स करून मिळाला. मधलं बेअरिंग आणि दोन्ही टोकांची रबर कपलिंग नवीन टाकली. शाफ्ट पुन्हा खाली उतरवावा लागला तर मजुरी दुप्पट, तिथे काटकसर करू नये.

फ्लायव्हीलचंही तसंच. ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी पातळ ड्राइव्ह प्लेट असते. मिस्त्रींनी ती प्लेट आणि सेदानचं फ्लायव्हील दोन्ही बॅलन्सिंगला पाठवली आणि जुन्या प्लेटचा तोल जसा होता तसाच फ्लायव्हीलला आणून घेतला. मला हे अतिरेकी वाटलं होतं. आज ताशी शंभरला स्टिअरिंगवर बोट ठेवलं तरी थरथर लागत नाही. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) टोकाला पायलट बेअरिंग बसवायला विसरू नका, ऑटोमॅटिकला ते लागतच नाही, त्यामुळे कुणाच्या डोक्यात येत नाही. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक त्यातच फिरतं.

पेडलचा सांगाडा बदलताना मिस्त्रींचा मुलगा दोन दिवस डॅशबोर्डखाली उताणा पडून होता. बॅटरीवर चालणारा दिवा धरायचं काम माझं.

आणि मग क्लच लागेना. सगळं जोडून झालं, ऑइल भरलं, पेडल दाबलं तर ते सरळ जमिनीला जाऊन तिथेच राहिलं. पाइपातली एअर काढायची म्हणून मी आणि मिस्त्रींनी पूर्ण एक दुपार घालवली. एक जण पेडल मारतोय, दुसरा खाली निपल (हवा सोडायचा बारीक स्क्रू) उघडतोय, बुडबुडे संपतच नाहीत. या गाडीत क्लचला वेगळी बाटली नसते, ब्रेकच्याच बाटलीतून एक पाइप क्लचच्या सिलिंडरला जातो, आणि वरच्या पाइपात हवा अडकून बसते. ती वरून ढकलून निघत नाही, खालून वर न्यावी लागते. मिस्त्रींना त्यांच्या उस्तादांची जुनी युक्ती आठवली. पुढच्या उजव्या चाकाच्या ब्रेक कॅलिपरच्या (चाकाची चकती दाबून धरणाऱ्या भागाच्या) निपलला पारदर्शक नळी लावली, ब्रेक दाबून आधी ती नळी ऑइलने भरून घेतली, एकही बुडबुडा ठेवला नाही. मग नळीचं दुसरं टोक क्लचच्या खालच्या सिलिंडरच्या निपलला. दोन्ही निपल उघडी. मी ब्रेक हळू दाबायचा, पाय खाली पोचला की "बंद" म्हणायचं, त्यांनी कॅलिपरचं निपल बंद करायचं, मग मी पाय सोडायचा. नाहीतर ऑइल उलटं ओढलं जातं. ब्रेकचं ऑइल कॅलिपरमधून निघून क्लचमधून वर चढत पुन्हा त्याच बाटलीत येतं, त्यामुळे पातळीही उतरत नाही. चौथ्या-पाचव्या दाबाला बाटलीत बुडबुड्यांचा भला मोठा लोंढा वर आला. पंधराव्याला क्लचचं पेडल पायाला लागलं. मी ओरडलेच.

वायरिंग त्या मानाने सोपं गेलं. ऑटोमॅटिकमध्ये लिव्हर पी (पार्किंग) किंवा एनवर (न्यूट्रल) असल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. ती तार नुसती जोडून टाकण्यापेक्षा आम्ही क्लच पेडलला स्विच लावला, क्लच दाबल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. घरात शिकाऊ भाचा आहे, मला ते हवंच होतं.

शेवटचा त्रास सगळ्यात फसवा निघाला. गाडी न्यूट्रलला घसाघसा हलायची. प्लग बदलले, फिल्टर बदलला, काही नाही. जुन्या गिअरबॉक्सला इंजिनच्या मॅनिफोल्डवरून (हवा आत नेणाऱ्या पाइपांवरून) व्हॅक्यूमची बारीक नळी जाते. ती काढल्यावर तोंडाला जी रबरी टोपी लावली होती, तिला चीर गेली होती. या गाडीच्या के-जेट्रॉनिक इंजेक्शनमध्ये आत जाणारी हवा मोजून पेट्रोल सोडलं जातं, न मोजलेली हवा चोरवाटेने शिरली की मिश्रण पातळ होणारच. दहा-वीस रुपयांच्या टोपीने आमचे नऊ दिवस खाल्ले.

गिअरबॉक्समध्ये नव्वद नंबरचं गिअर ऑइल ओतू देऊ नका. या मॅन्युअल बॉक्सला एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) लागतं, ऑटोमॅटिकला लागतं तेच. जाड ऑइल टाकलं की थंड असताना दुसरा गिअर कुरकुरतो.

कागदपत्रांचंही आधीच बघून ठेवलं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतला तपशील बदलेल अशा फेरफाराला मनाई करतं. आमच्या आरसीवर इंजिन आणि चेसिसचा नंबर आहे, गिअरबॉक्सचा उल्लेख नाही. तरी मी काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत अर्ज देऊन विचारून घेतलं आणि विमा कंपनीला लेखी कळवलं. जुना ऑटोमॅटिक विकलेला नाही. तोंडं बंद करून, ताडपत्रीत गुंडाळून गॅलरीत ठेवलाय. गाडीचा पत्रा आम्ही कुठेही कापला नाही, उद्या कुणाला मूळ रूप हवं असेल तर ते परत बसवता येईल. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

सगळं मिळून अकरा महिने गेले, आणि कुजकी सेदान धरून साधारण पावणेतीन लाख. पाचवा गिअर मिळाला नाही याची थोडी रुखरुख आहे. चौथा सरळ एकास एक (इंजिन जितकं फिरतं तितकाच शाफ्ट), ऑटोमॅटिकचाही तसाच होता, म्हणजे हायवेवर इंजिन पूर्वीइतकंच फिरतं.

पहिल्या रविवारी सकाळी सहाला उपवनवरून येऊरच्या चढाला गाडी काढली. बाबांना चालवायला दिली. रात्री पाऊस पडून गेला होता, चारही काचा खाली. पहिल्या वळणाच्या आधी त्यांनी तिसऱ्यावरून दुसरा टाकला, इंजिनाचा आवाज भरला आणि गाडी वळणातून अशी वर निघाली की दोघंही काही बोललो नाही. वर पोचल्यावर त्यांनी गाडी बंद केली, लिव्हर न्यूट्रलमध्ये डावी-उजवीकडे हलवून बघितला आणि म्हणाले, "आता परत खाली जाऊ आणि पुन्हा येऊ."