तुम्ही विचारलंत म्हणून: वॉशिंग मशीनचा पंप घरी बदलता येतो का?

गेल्या पावसाळ्यात आमच्या फ्रंट लोड वॉशिंग मशीनचा ड्रेन पंप, म्हणजे पाणी बाहेर टाकणारा पंप, मी स्वतः बदलला. तेव्हापासून सोसायटीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "आमच्याही मशीनमधलं पाणी जात नाहीये, पंप घरी बदलता येतो का हो?"

येतो. पण आधी पंपच गेलाय का ते बघा. प्लग काढा, नळ बंद करा आणि पुढून खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडा. तिथला फिल्टर इतका खाली असतो की बादली काही बसत नाही. मी परात लावते. पाणी गरम असेल तर आधी निवू द्या. आमच्या फिल्टरमधून दोन रुपयांचं नाणं, केसांचा आकडा आणि लेकाच्या गणवेशाचं बटण निघालं. पुष्कळ घरांत काम इथेच संपतं.

आमचं संपलं नाही. फिल्टरच्या पोकळीत पंपाचा छोटा पंखा दिसतो, तो बोटाने फिरवून बघा. तो झटके देत, अडखळत फिरतो आणि लोकांना वाटतं, जाम झालाय. तसं नसतं. आतल्या रोटरला, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाला, चुंबक असतं, त्याची ती ओढ. पंखा अगदी सैल, गरागरा फिरला तर मात्र समजा, तो रोटरपासून सुटलाय. आमचा तसाच होता: मोटर घुमायची, पाणी ढिम्म. पंपाचा आवाजच येत नसेल तर मल्टिमीटर (वीज तपासायचं छोटं यंत्र) लावा. कॉइल (मोटरमधलं तारेचं वेटोळं) तुटलेली दाखवली तर पंप गेला. कॉइल ठीक असेल तर दोष वायरिंगमध्ये किंवा मशीनच्या सर्किट बोर्डात, तिथे मेकॅनिकच बोलवा. एवढ्याशा पंपापायी चांगलं मशीन भंगारात जाताना पाहिलंय, म्हणून इतकं सांगते.

दुकानात जुना पंप सोबत न्या. दिसायला सगळे सारखेच, पण स्क्रूंची भोकं आणि वायरींचा सॉकेट वेगळा निघतो. आमच्या मशीनला पंप तळातून काढावा लागतो, म्हणून जुन्या गोधडीवर दोघांनी मिळून ते कलतं केलं. तीन स्क्रू, दोन वायरी. वायरींचा फोटो आधीच काढला होता. रबरी रिंग बसते ती खाच मी दोनदा पुसली, कारण तिथे केस जरी राहिला तरी थेंब थेंब गळतं.

मग मशीन उभं करून थोडं पाणी भरलं आणि स्पिनवर टाकलं. मी टॉर्च घेऊन खाली वाकले होते. ड्राय बाल्कनीच्या जाळीवर पाणी धो धो आदळलं. मशीनखालची फरशी कोरडी होती.