डोर्नकलला उतरलो आणि जेवूनच निघालो

वरंगळचा किल्ला, हजारखांबी देऊळ, रामप्पा, सगळं पाहून झालं. सुंदर आहे. दुपारी दगड असा तापतो की अनवाणी चालवत नाही. त्याबद्दल भरपूर लोकांनी लिहिलंय. मला लिहायचंय डोर्नकलबद्दल, जिथं मुद्दाम कुणी जात नाही.

तेलंगणातलं, काझीपेट-विजयवाडा मार्गावरचं हे जंक्शन. इथून कोळसा खाणींकडे फाटा फुटतो, त्यामुळे मान पहिला मालगाडीचा आणि शेवटचा पॅसेंजरमधल्या माणसांचा. आमची गाडी आउटरला इतका वेळ ताटकळली की समोरच्या बाईंच्या शेंगा संपल्या, टरफलांवरून भांडण झालं आणि ते मिटलंही.

मी निघालो होतो एका बिशपपायी. वेदनायगम सॅम्युएल अझरिया. जन्म १८७४, तिरुनेलवेलीकडच्या वेल्लालनविलई गावातला, वडील तिथलेच पाद्री. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकले, पदवी न घेताच बाहेर पडले, वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या कामात देशभर हिंडले आणि १९०९ साली परक्या भाषेच्या या मुलखात येऊन राहिले. आमचं परभणीही तेव्हा याच निजामाच्या राज्यात, म्हणजे माझे पणजोबा आणि अझरिया एकाच सरकारची प्रजा.

अझरियांच्या चर्चच्या दाराला कुलूप. आवारात झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना दखनीत विचारलं, उघडता का? ते म्हणाले, "बैठो, पहले बैठो." आतून प्लास्टिकची खुर्ची आणली, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसली. मग दुसरी आणली, माझ्यासमोर मांडली आणि स्वतः बसले. किल्लीचं नाव नाही. आधी पाणी, मग मी कुठला, पाऊस कसा आहे, कापसाला भाव काय.

एरवी मी वैतागलो असतो. पण ती खुर्ची बघून मला एडिंबरा आठवलं. १९१० साली तिथं मिशनऱ्यांची जागतिक परिषद भरली होती. पस्तिशीतले अझरिया उभे राहिले आणि भर सभेत गोऱ्या मिशनऱ्यांना त्यांनी सुनावलं की तुम्ही आमच्यासाठी राबता, पण आम्हाला बरोबरीनं वागवत नाही. हस्तांदोलन, खुर्ची, जेवण, चहा यांची मी भीक मागत नाही, म्हणाले. पण त्यामागे मैत्री असेल तर हे सगळं हवंय, आणि याहून जास्तही हवंय. शेवट असा: गरिबांना तुम्ही धन दिलंत, देह जाळायला दिलेत, आम्ही प्रेमही मागतो. आम्हाला मित्र द्या. पाहुणा म्हणून जाऊन यजमानांना असं बोलायला छाती लागते.

गोऱ्यांवर बोट ठेवणं सोपं आहे म्हणा. आमच्या घरी सालगड्याचा कप गोठ्याच्या कोनाड्यात उपडा असायचा. आजी फार प्रेमळ होती, असं सगळे सांगतात.

किल्ली आली. बाहेरून घुमट आणि मिनार बघून मशीद वाटावी, आत खांब देवळासारखे आणि समोर वेदी. अझरियांना ख्रिस्ती प्रार्थनेची जागा भारतीय दिसायला हवी होती. बांधकाम वर्षानुवर्षं रखडलं. ६ जानेवारी १९३९ ला कुठे अभिषेक झाला. मला स्वतःला बाहेरचा भाग जरा खिचडी वाटला. आत मात्र गार वाटलं, आणि त्या उन्हात तेवढं पुरेसं होतं.

अझरिया बिशप झाले २९ डिसेंबर १९१२ ला, कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये. अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप. 'नेटिव्ह' माणसाच्या हाताखाली काम करायचं म्हणून कितीतरी मिशनरी नाराज होते. पुढे १ जानेवारी १९४५ ला ते गेले, आणि तोवर स्वतःचा धर्मप्रांत सांभाळणारा दुसरा भारतीय बिशप अँग्लिकनांनी नेमलाच नाही. बत्तीस वर्षं एकाच माणसाकडे बोट दाखवून 'बघा, आम्ही करतो की' म्हणायचं! मला याचा राग येतो. अझरिया मात्र बैलगाडीतून माला-मादिगा या दलित जातींच्या वस्त्या पालथ्या घालत राहिले. बाप्तिस्मा झालेल्यांना ते स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायला लावत: मी सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, सांगितली नाही तर माझा धिक्कार असो. धर्मांतरावरून गांधीजींशी त्यांचं कधी पटलं नाही. निरनिराळ्या चर्चनी एकत्र यावं म्हणून १९१९ पासून झटले आणि चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झालं १९४७ मध्ये, त्यांच्या पश्चात.

निघतो म्हटलं तर गृहस्थ ऐकेनात. मागच्या घरात त्यांच्या सूनबाईंनी भात, पप्पू म्हणजे डाळ आणि पुंटीकुरा वाढला. पुंटीकुरा म्हणजे आपली अंबाडी, फक्त मिरची दुप्पट. डोळ्यांतून पाणी आलं. सूनबाई हसल्या आणि त्यांनी ताक ओतलं. सगळे एकाच ओळीत बसलो होतो, गृहस्थांचा नातू माझ्या ताटातला पापड मोडत होता.

परतीची गाडी अर्थातच उशिरा. डब्यात नांदेडचे एक काका भेटले, मराठी ऐकून खूश झाले, सरकून जागा दिली. मग आडनाव विचारलं. मग गाव. मग, "म्हणजे तुम्ही नक्की कोण?" मी खिडकीला डोकं टेकून झोपेचं सोंग घेतलं.